अडगळीच्या आठवड्यातलं टेबल

नोला टियर्नीने मुलाला सांगितलं होतं की साडेअकराला पोचणाऱ्या आगगाडीने येते, आणि आली सकाळी सातला पोचणाऱ्या बसने. त्यात डाव वगैरे काही नव्हता. तिकडे चार्लव्हिलला रिकाम्या घरात बसून बसून तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. गाडी तिथून सुटते आदल्या संध्याकाळी, बस आदल्या दुपारी. मग दुपारीच का नको, असं म्हणून तिने बॅग उचलली आणि चढली बसमध्ये. सदुसष्ट वर्षांची बाई, पण कुठे टेकायचं म्हणून नाही. क्लेम, तिचा नवरा, जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "हिला खुर्ची दिली तरी ही खुर्चीभोवती फिरेल."

बॅग स्टेशनावरच्या कपाटात टाकून ती ब्रिस्बेनमधल्या पॅडिंग्टनच्या चढावाला लागली. मुलाचं, डेमियनचं, घर वरच्या अंगाला, लाकडी खांबांवर उभं, रस्त्यापासून वर दारापर्यंत सतरा पायऱ्या. ऑक्टोबरचं ऊन आठ वाजताच पाठीवर बसलं होतं. आणि चढावाच्या दोन्ही बाजूंना, फूटपाथवर, घरोघरच्या अडगळीचे ढीग. गाद्या, पंखे, तुटक्या सायकली, पाय गेलेले सोफे. पालिकेचा अडगळीचा आठवडा चालू होता. वर्षभर जे नकोसं झालं ते ह्या आठवड्यात बाहेर काढायचं, सोमवारी ट्रक येऊन नेतो. ट्रकच्या आधी लोक येतात आणि ढीग उपसून हवं ते उचलून नेतात. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. फूटपाथवर आलं की ते सगळ्यांचं.

डेमियनच्या घरासमोर नोला थांबली. ढिगाला टेकून तिचं टेबल उभं होतं.

आता ह्या टेबलाचं सांगायलाच हवं. क्लेम सुतार. मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेड असतात ना रानात, त्यांची दुरुस्ती करत हिंडायचा. एक जुनी शेड बंद पडली तेव्हा तिथलं लोकर पसरायचं लांबलचक टेबल त्याने उचलून आणलं आणि त्यातून घरचं जेवायचं टेबल केलं. चाळीस वर्षं त्याच्या लाकडी पट्ट्यांवर लोकर पडत गेली होती. लोकरीचं तेल लाकडात इतकं मुरलेलं की पॉलिशची गरज नाही, आणि उन्हाळ्यात जेवायला बसलं की मेंढीचा वास यायचा. डेमियनने त्यावर पाढे पाठ केले, त्यावरच बापाशी भांडला, आणि त्यावरच शहरात जातो म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला होता. "आई, बाबांचं टेबल पाठव. आणि तूही ये. जिन्याखालची खोली बांधून घेतलीय आम्ही तुझ्यासाठी. कायमची ये."

"आधी टेबल पाठवते," नोला म्हणाली होती. "मग बघू."

हे 'मग बघू' म्हणजे काय ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. डेमियनची बायको रेनी शाळेत शिकवते, घर सगळं पांढरं शुभ्र, स्वयंपाकघर आरशासारखं. त्यात ते काळपट, वास मारणारं टेबल मावलं तर आपण मावू, नाही तर नाही, असा नोलाने मनाशी हिशेब बांधला होता. चार्लव्हिलच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं, गुरांचा डॉक्टर होता कुणीतरी, आणि दलालाला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. म्हणजे सगळं त्या टेबलावर येऊन ठेपलं होतं. असल्या परीक्षा घेऊ नयेत माणसाने. ज्याची घेतो त्याला पेपर आहे हेच ठाऊक नसतं. पण नोला पडली हट्टी.

आणि तेच टेबल आता फूटपाथवर. पायांना ट्रकवाल्याने बांधलेला दोर तसाच.

'दोरसुद्धा सोडला नाही,' नोलाच्या मनात आलं. 'वर नेऊन बघितलंसुद्धा नाही मेल्यांनी.'

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. वर दार बंद. घंटी दिसत होती, पितळेची. सतरा पायऱ्या चढायच्या आणि ती दाबायची, एवढंच काम होतं. नोला पहिल्या पायरीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. तेवढ्यात मागे ब्रेक लागल्याचा आवाज झाला. पांढरा पिकअप ट्रक, मागे दोन खुर्च्या आणि एक पक्ष्याचा पिंजरा. त्यातून एक जाडगेला म्हातारा उतरला. मिशा पांढऱ्या, चड्डीवर रंगाचे डाग. टेबलाकडे बघून त्याने शीळ घातली.

"बाई, तू आधी आलीस," तो म्हणाला. "तुझा डोळा असेल तर तुझं. आपल्यात नियम आहे."

"माझा कशाला असेल डोळा?" नोला म्हणाली.

म्हाताऱ्याने टेबलावर वाकून वास घेतला. "मेंढी! अगं हे लोकरीचं टेबल आहे! माझा भाऊ होता शेडवर कामाला, मला कळतं. कोण गाढवाने बाहेर टाकलं?"

"असतात," नोला म्हणाली. "शिकलेली गाढवं."

"ह्या गल्लीत सगळी शिकलेलीच." तो खो खो हसला. "अगं, लोकांना आईबाप जड होतात, तर टेबलाचं काय! धरतेस का जरा त्या टोकाला? वजनदार आहे, आणि माझी पाठ माझं ऐकेनाशी झालीय."

आणि नोलाने टोक धरलं. स्वतःच्या नवऱ्याने केलेलं टेबल, स्वतःच्या हातांनी, अनोळखी माणसाच्या ट्रकवर चढवलं. 'घेऊन जा. ह्यांना नको ना, मग मलाही नको.' रागात माणसाला बळ येतं ते असं नको तिथे येतं.

"मी स्टॅव्हरोस," म्हातारा दोर आवळत म्हणाला. "वेस्ट एंडला राहतो. चुटपुट लागली तर कॉफीला ये. पुढच्या अंगणात आंघोळीचे तीन टब आहेत, त्यांत घेवडा लावलाय. तसं घर दुसरं नाही. माझी बायको, वूला, बोलते फार, पण कॉफी बरी करते."

"कशाला चुटपुट लागेल?"

"तुझं तोंड बघून म्हटलं," स्टॅव्हरोस म्हणाला आणि गेला.

नोला उतार उतरून थेट शहरात आली. चालत आली. राण्यांच्या नावाचे रस्ते एका दिशेला, राजांच्या नावाचे दुसऱ्या दिशेला. ती एका राणीवरून वर गेली आणि दुसऱ्या राणीवरून खाली आली, मग एक राजा धरून नदीवर. जांभळ्या फुलांनी झाडं वेडी झाली होती, पण तिला फुलांचं कौतुक करायला सवड कुठे होती! एका बाकावर बसली तर समोर कचऱ्याच्या डब्यात लांब चोचीचा पांढरा पक्षी कुणाचे तरी बटाटे उपसत होता. ती उठली. पुलावर अर्ध्यापर्यंत गेली आणि फोन वाजला.

"आई, गाडी कुठवर आली?" डेमियनला धाप लागली होती.

नोलाने खाली नदीकडे बघितलं. "टूवूम्बा गेलं मागे," ती म्हणाली. आयुष्यात फार खोटं बोललेली बाई नव्हती ती, पण हे अगदी सहज आलं.

"बरं ऐक. मला स्टेशनवर नाही जमणार यायला. एक काम निघालंय. तू असं कर, उतरलीस की नदीकाठी साउथ बँकला जा आणि बोटीने फिरून ये. ऊन काय झकास पडलंय! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास सेंट. मी चारला घ्यायला येतो तिथे."

"कशाला? मी येते ना बसने घरी."

"नको!" डेमियन ओरडलाच. मग आवाज उतरवून, "म्हणजे, घरी नको येऊस इतक्यात. पसारा आहे. चारला, आई. प्लीज."

"टेबल मिळालं का रे?" नोलाने विचारलं. तिला ऐकायचंच होतं तो काय म्हणतो ते.

पलीकडे जरा वेळ नुसता वाहनांचा आवाज. "मिळालं," डेमियन म्हणाला. "मस्त आहे. ठेवतो फोन."

मस्त आहे म्हणे! नोला पुलाचा कठडा धरून उभी राहिली. मग तिने तिथूनच चार्लव्हिलच्या दलालाला फोन लावला.

"घर विकत नाही मी."

"मिसेस टियर्नी, डॉक्टरसाहेब संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहेत. घाई नाही."

"कशाला थांबवता बिचाऱ्याला? नाही म्हणून सांगा."

फोन पिशवीत टाकला तेव्हा तिला वाटलं, सुटले. पण सुटल्यासारखं काही होईना. पाय चालतच राहिले, ते साउथ बँकच्या तरंगत्या धक्क्यावर आले, आणि बोट लागलेली दिसली म्हणून ती चढली.

ब्रिस्बेनची नदी सरळ जायला शिकलेलीच नाही. बोट एका काठावरून दुसऱ्या काठाला, पुन्हा ह्या काठाला, जो मनोरा डावीकडे होता तो पाच मिनिटांनी उजवीकडे. नोला पुढच्या टोकाला वाऱ्यात उभी राहिली, मग मागे गेली, मग आत, मग पुन्हा पुढे. लोखंडी पुलाखालून बोट गेली. काठावर वडाच्या जातीची अवाढव्य झाडं, त्यांच्या सावलीत लोक पसरून खात होते. सगळं शहर सुट्टीवर आल्यासारखं चकाकत होतं आणि तिला ते सगळं शहरच नकोसं झालं होतं. बोट शेवटच्या धक्क्याला लागली. नोला उतरली नाही. तीच बोट परत निघाली, विद्यापीठाच्या टोकाला गेली, तिथेही ती उतरली नाही.

दोरखंड टाकणारा खलाशी पांढऱ्या दाढीचा होता. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "काय गं बाई, पन्नास सेंट वसूल करतेस की काय?"

"तुला अडचण होते का माझी?"

"मला कसली? मी तर रोज हेच करतो. पण मला पगार मिळतो."

बुलिम्बाच्या धक्क्याला ती उतरली, ती त्याच्या चेष्टेला कंटाळून. एका दुकानातून मटण भरलेली कचोरी घेतली, इकडे तिला पाय म्हणतात, एक घास खाल्ला, उरलेली कागदात गुंडाळून हातात घेऊन फिरत राहिली. दीड वाजला होता. मनात ती डेमियनशी बोलत होती, आणि काय काय बोलत होती! चार वाजता भेटला की म्हणायचं, 'तुझी पांढरी भिंत खराब झाली असती ना रे?' म्हणायचं, 'बापाचा वास सहन होत नाही तुला.' ती वाक्यं घासून पुसून तयार करत होती तेव्हा रेनीचा फोन आला.

"नोला? उतरलीस का गं गाडीतून? हे बघ, मी शाळेतून बोलतेय, मधली सुट्टी संपतेय. डेमियनने मला शपथ घातलीय सांगायची नाही म्हणून, पण मला राहवत नाही. तू त्याच्यावर चिडू नकोस."

"कशाबद्दल?"

"टेबल हरवलं."

नोला फूटपाथच्या मधोमध थांबली. मागून येणारी बाई तिला वळसा घालून गेली.

"आज सकाळी साडेसातला ट्रकवाल्याने आणलं," रेनी भराभरा सांगत होती. "दोघांनी मिळून खाली उतरवलं. पण ते धूड दोघांनी सतरा पायऱ्या कसं चढणार? ट्रकवाला गेला. मी शाळेत. हा उठला आणि खालच्या गल्लीत मित्राला बोलवायला गेला, उचलायचे पट्टे आणायला. टेबल तिथेच फूटपाथवर! अडगळीच्या आठवड्यात! अगं वीस वर्षं झाली ह्या माणसाला ब्रिस्बेनमध्ये, शेंबड्या पोराला कळतं की ह्या आठवड्यात फूटपाथवर काठीसुद्धा ठेवायची नाही. पंधरा मिनिटांत परत आला तर टेबल गायब."

नोलाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेव्हापासून गल्ल्या पालथ्या घालतोय. ऑफिसला गेला नाही. जो पिकअप दिसेल त्याच्या मागे जातोय. मगाशी फोनवर रडला गं माझ्याजवळ. म्हणाला, आईला काय तोंड दाखवू? स्वयंपाकघरातला मधला ओटा आम्ही गेल्या आठवड्यात तोडून टाकला टेबलासाठी. तिथे आता नुसतं भोक आहे, ते तुला दिसायला नको म्हणून तुला घरी येऊ देत नाहीये वेडा. नोला? ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"रागावलीस?"

"नाही गं," नोला म्हणाली. "ठेव तू. तास असेल तुझा."

त्या क्षणी रेनीला सांगून टाकायला हवं होतं. 'मला माहीत आहे कुठे आहे ते, मीच चढवलं ट्रकवर.' इतकं सोपं वाक्य. पण ते तोंडातून बाहेर येईना. आधी टेबल हातात घेऊ, मग काय ते सांगू, असं म्हणून ती धक्क्याकडे धावली. सदुसष्ट वर्षांची बाई हातात अर्धवट खाल्लेली कचोरी घेऊन धावतेय, लोक बघत होते. धक्क्याला बोट लागलेली. तिने उडीच मारली आत.

बोट सुटली आणि शहर मागे जायला लागलं.

"अरे, ही कुठे चालली?" नोला ओरडली.

"खाली, हॅमिल्टनला," पांढरी दाढी म्हणाली. तोच खलाशी, तीच बोट. "आलीस का परत?"

"मला वेस्ट एंडला जायचंय!"

"ते वरच्या अंगाला. दोन्हीकडच्या बोटी एकाच धक्क्याला लागतात, बाई. पाटी वाचायची असते." मग तिच्या तोंडाकडे बघून त्याची चेष्टा विरली. "बस इथे. शेवटाला जाऊन हीच वर जाणार आहे. पाणी देऊ का?"

"मला बसायचं नाही."

"बरं, उभी राहा. पण धर कशाला तरी."

वर जायला तास लागला. तो तास नोलाच्या अंगावरून गेला. एकेक धक्का, एकेक दोर टाकणं, लोकांचं सावकाश उतरणं, उतरताना वळून खलाशाला "थँक्यू" म्हणणं, त्याचं प्रत्येकाला "या परत" म्हणणं. तिला वाटत होतं एकेकाला ढकलून द्यावं. पण सगळ्यांत जास्त तिला स्वतःला ढकलावंसं वाटत होतं. ओटा तोडला त्यांनी. जागा केली. परीक्षा त्याची घेतली आणि तो पास झाला होता, पेपर हातात पडण्याआधीच. नापास कोण झालं ते तिला चांगलं कळत होतं. डेमियनला फोन लावावा म्हणून तिने दोनदा फोन काढला आणि दोनदा आत टाकला.

वेस्ट एंडच्या बागेत उतरली तेव्हा पावणेतीन झाले होते. तीन टबांचं घर विचारल्यावर पहिल्याच बाईने हात केला. "स्टॅव्ह पेंटर? त्या पिवळ्या घराच्या मागे. आवाज येतोय बघ."

आवाज येत होता. करवतीचा.

नोला फाटक ढकलून आत घुसली. लिंबाच्या झाडाखाली टेबल उलटं पाडलेलं, पाय वर. दोन पाय वीतभर तोडलेले, स्टॅव्हरोसचा गुडघा तिसऱ्यावर.

"थांबा!"

स्टॅव्हरोसने मान वर केली आणि त्याचं तोंड फुललं. "आलीस! वूला, कॉफी टाक, मी म्हटलं नव्हतं, येईल म्हणून?"

"ते टेबल माझं आहे."

करवत हवेत राहिली. घरातून एक ठेंगणी बाई हात पुसत बाहेर आली.

"तुझं कसं?" स्टॅव्हरोस म्हणाला. "सकाळी मी विचारलं तुला. तूच म्हणालीस..."

"माझ्या नवऱ्याने केलंय ते. मुलाच्या घराबाहेर होतं. मला वाटलं त्याने टाकलं. त्याने टाकलं नव्हतं." नोलाचा आवाज चिरकला. "तो सकाळपासून शोधतोय."

"अरे देवा," वूला म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळली. "ऐकलंस? रोज सांगते, लोकांचं उचलून आणू नकोस. आता कापलंसही!"

"तुझ्यासाठीच कापत होतो ना! तुझे गुडघे दुखतात, बसून भाजी चिरता यावी म्हणून!" स्टॅव्हरोस खरोखर हादरला होता. तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला. "असं करू का, राहिलेले दोनही कापतो? निदान सरळ तरी उभं राहील."

"हात लावू नका!"

"नाही लावत, नाही लावत."

तिघांनी मिळून टेबल उभं केलं. ते एका बाजूला गुडघे टेकल्यासारखं कललं. नोलाने त्यावर हात ठेवला, उन्हाने लाकूड तापलं होतं, आणि तो वास आला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. वूलाने तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. डोळे पुसून तिने डेमियनला फोन लावला.

"टेबल सापडलं. वेस्ट एंडला ये." तिने पत्ता सांगितला.

"तुला रेनीने सांगितलं," डेमियन म्हणाला. "पण तू तिथे कशी?"

"ये आधी."

तो येईपर्यंतची वीस मिनिटं फार वाईट गेली. दलालाला पुन्हा फोन करावा का, असं एकदा मनात आलं. पण आता हो म्हणणं तिच्या एकटीच्या हातात राहिलं नव्हतं. टबातल्या घेवड्याची पानं तिने उगाच खुडली, वूलाने बघून न बघितल्यासारखं केलं.

डेमियन आला तो धावतच. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डोळे सुजलेले. आईला त्याने एका हाताने जवळ घेतलं आणि दुसरा हात टेबलावर ठेवला. हसला. तोडलेले पाय दिसले तरी हसत राहिला.

"जोडू आपण ते," तो म्हणाला. "लाकूड आणून जोडू. मला वाटलं गेलंच." मग तो स्टॅव्हरोसकडे वळला आणि आवाज चढला. "काका, निदान विचारायचं तरी! दोर बांधलेला दिसत नव्हता? वर घर होतं, घंटी होती!"

"विचारलं ना!" स्टॅव्हरोस कळवळून म्हणाला. "ह्या बाईलाच विचारलं. हिनेच तर दुसरं टोक धरलं."

वूलाने त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण शब्द बाहेर पडला होता.

डेमियनने आईकडे बघितलं. "तू तर गाडीत होतीस."

"नव्हते. सातला आले, बसने."

"टूवूम्बा गेलं म्हणालीस."

"खोटं बोलले."

तो टबाच्या काठावर बसला. स्टॅव्हरोस आणि वूला घरात गेले. कुठेतरी आतून भांड्याचा आवाज आला आणि तोही थांबला.

"तुला वाटलं मी बाबांचं टेबल कचऱ्यात टाकलं?"

"हो."

"किती वेळ उभी होतीस तिथे?"

"वाटायला वेळ लागला नाही मला," नोला म्हणाली. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "बघितलं आणि वाटलं. लगेच."

"आणि घंटी नाही वाजवलीस." तो मान हलवत होता. "पंधरा मिनिटांत मी आलोच होतो, आई. घंटी वाजवली असतीस, कुणी नाही बघून पायरीवर टेकली असतीस, तर मी आलोच होतो. का नाही वाजवलीस?"

कितीतरी सांगता आलं असतं. सकाळची वेळ होती, झोपमोड होईल असं वाटलं, पायऱ्या खूप होत्या.

"तू घरात असशील म्हणून," नोला म्हणाली. "तू दार उघडून म्हणाला असतास, हो, मीच टाकलं. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्यापेक्षा टेबल गेलेलं बरं वाटलं."

डेमियनने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले.

"सात वर्षांत दोनदा आलो मी तिकडे," तो म्हणाला. "त्यातही एकदा बाबांना पुरायला. माहीत आहे मला." मग त्याने हात काढले. "तुला सांगू, सकाळपासून मला कसली भीती वाटत होती? टेबल गेल्याची नाही. तुला कळलं की तू म्हणशील, 'वाटलंच होतं मला.' ह्या एका वाक्यासाठी मी आख्खं शहर पालथं घातलं. म्हणाली असतीस ना?"

"म्हणाले असते," नोला म्हणाली.

कललेल्या टेबलाला तिने टेकण दिलं की टेबलाने तिला, कोण जाणे.

"मी सकाळी दलालाला नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "हो म्हणायला अजून संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तू ठेवून घेशील मला अजून?"

डेमियनने तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे बापासारखे होते, आणि बापासारखेच रागावलेले.

"घेईन," तो म्हणाला. "पण मला तुझा राग आलाय, आई. खूप आलाय. उद्यापर्यंत तरी जाणार नाही."

"असू दे," नोला म्हणाली. "उद्या आहे मी इथेच."